आधी गार पाणी

१

चौदा वर्षांपूर्वी मी एक नवस बोलले होते. टेकडीवरच्या औषधबुद्धापुढे कपाळ टेकून म्हटलं होतं, "ह्यांनी आपल्या हातानं मला चहा ओतून दिल्याशिवाय चहाचा थेंब ओठाला लावणार नाही."

एखादी आवडती गोष्ट सोडण्याचं व्रत आमच्याकडे जुनंच आहे. कुणी मीठ सोडतं, कुणी गोड. पण चहावाल्याच्या बायकोनं चहा सोडावा याचं आमच्या कावाने गावात सगळ्यांना हसू आलं. आमचा डोंगर चहाचा, नदीवरून येणाऱ्या धुक्यालासुद्धा चहाचा वास. आमचे हे, शिगेयुकी, वाफवलेली पानं तापलेल्या पाटावर तळव्यांनी वळणाऱ्या शेवटच्या चार-पाच माणसांतले. त्या वर्षी उतारावर पोत्यांची गाडी उलटली आणि ह्यांच्या मानेला मार बसला. जीव वाचला. खांदे हलत होते, तोंड चालत होतं, तोंड तर जरा जास्तच. पण दोन्ही हात मांडीवर ठेवलेल्या परक्याच्या सामानासारखे पडून राहिले.

शेजारच्या उमेनो काकू म्हणाल्या, "अगं नोबुए, सोडायचंच होतं तर लोणचं सोडायचंस. आता तू घरी आलीस की तुला देऊ काय? नळाचं पाणी?"

"तेच द्या काकू. कपात द्या म्हणजे झालं."

चार वर्षं मी कपातून ऊन पाणी प्यायले. मग शहरातल्या विद्यापीठाच्या दवाखान्यात ह्यांच्या डोक्याचं ऑपरेशन झालं. मेंदूवर नखाएवढी चकती बसवली. तिला शहाण्णव सुया, केसाहून बारीक. टाळूवर एक छोटं बूच, बुचातून वायर, वायरीला खोका आणि खोक्यातून उजव्या हाताच्या स्नायूंपर्यंत कातडीखालून गेलेल्या तारा. ह्यांनी मनात आणायचं, सुयांनी ऐकायचं, खोक्यानं हाताला सांगायचं. डावा हात तसाच राहिला. त्याला तारा नव्हत्या.

पाचव्या महिन्यात त्या हातानं किटली उचलली. अर्धा चहा ताटात सांडला, अर्धा कपात पडला. मी प्यायले. रडले किती ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी आभार मानायला टेकडी चढले. नवस फेडायला गेलं की आभार मानून मागे फिरायचं, एवढाच रिवाज आहे. पण सुखानं माणूस हावरं होतं. हात जोडले आणि तोंडून निघालं, "आता हा हात कधीच थांबू देऊ नकोस."

मुदत नाही, बदल्यात काही सोडणं नाही. आभार मानायला गेले आणि तिथेच दुसरं मागून बसले.

२

त्यानंतर आठ वर्षं आमची सकाळ एकाच चालीनं चालली. नाश्त्याच्या आधी खोका लावायचा. पडद्यावर एक हात उघडायचा, मिटायचा, उचलला जायचा. ह्यांनी तो बघत तसंच मनात आणायचं. दहा मिनिटांनी खोका "टिंग" करायचा. म्हणजे ओळख पटली, आजची जुळवणी झाली. ही जुळवणी रोज नव्यानं करावी लागे. कालचा मेंदू आणि आजचा मेंदू तंतोतंत सारखा नसतो म्हणे.

"म्हणजे रोज सकाळी माझं नि माझ्या हाताचं नव्यानं लग्न," हे म्हणायचे. "तुझ्याशी एकदाच केलं ते बरं."

मग ह्यांचं लाडकं काम. छोट्या घंगाळात तोंड पुसायचं पाणी स्वतः करायचं. दोन हलक्या किटल्या होत्या, लाल ऊन पाण्याची, निळी गार पाण्याची. आधी लाल, मग निळी. मी फडकं पिळून तोंड पुसून द्यायची, पण पाणी ह्यांचं. त्यानंतर चहा, तोही ह्यांच्या हातचा.

दर महिन्याला दवाखान्यातून यंत्र तपासणारे मिनेगिशी-सान यायचे. पन्नाशीचे, हळू बोलणारे, आल्याबरोबर चपला सरळ रेषेत लावणारे. आपला संगणक जोडून किती सुया अजून बोलतात ते मोजायचे. पहिल्या वर्षी अठ्ठ्याऐंशी होत्या. चौथ्या वर्षी चाळीस. आठव्या वर्षीच्या नोव्हेंबरात अकरा.

"मेंदूला या परक्याच," ते म्हणाले. "तो त्यांच्याभोवती हळूहळू जाळं विणतो. सुई मोडत नाही, पण तिला ऐकू येईनासं होतं. आठाच्या खाली गेल्या की यंत्र बंद करून काढून घ्यायचं, असा नियम आहे. मला माफ करा."

"साहेब, आमच्या वाडीत माणसं उरलीत नऊ," हे म्हणाले. "तरी वाडी चालते ना?"

मिनेगिशी-सान हसले. पण जाताना त्यांनी मला जरा जास्तच खाली वाकून नमस्कार केला. तो हात गेला असता, तर ह्यांचं हसणंही गेलं असतं. मला ठाऊक होतं. आधीची चार वर्षं मी बघितली होती.

३

एकोणीस नोव्हेंबर. तारीख लक्षात राहायचं कारण त्या दिवशी आमच्याकडे पहिली थंडी पडली आणि खोका "टिंग" वाजला नाही.

मी भात शिजतो का बघत होते. दहा मिनिटं झाली, बारा झाली. बाहेर येऊन पाहिलं तर पडद्यावरचा हात उघडून मिटून थांबलेला. "आवाज बारीक झाला असेल," मी म्हटलं. खोक्याच्या दिव्यानं डोळे दुखतात म्हणून मीच त्याला कापूस भरून झूल शिवली होती. ती काढून बघायचं काही मला सुचलं नाही.

आणि कशाला सुचावं? हात उठला होता. नेहमीपेक्षाही मऊपणे उठला होता. किटलीच्या दांडीवर बोटं एकेक करून बसली, थरथर नाही की धक्का नाही.

किटली मात्र निळी होती.

घंगाळात गार पाणी पडलं. मग हात लाल किटलीकडे गेला आणि गार पाण्यावर ऊन पाणी पडलं.

आमच्याकडे असं कुणी करत नाही. कोमट पाणी करायचं तर आधी ऊन, मग गार. उलटं एकदाच करतात, घरातलं माणूस गेलं की त्याला पुसण्यासाठी. त्या दिवशी सगळंच उलटं असतं. गारावर ऊन, अंगरख्याचा पदरही उलट्या बाजूनं. नवी सून असताना मी चुकून गार पाणी आधी घेतलं होतं, तेव्हा सासूबाईंनी हातावर मारलेली चापट मला अजून आठवते. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्यासाठी ते पाणी मीच केलं होतं.

"अहो, हे काय? आधी निळी?"

हे घंगाळाकडे बघत होते. "मी लाल म्हटलं होतं," ते सावकाश म्हणाले. "मनात लालच आणली होती."

"अकराच सुया उरल्यात. त्यांचा गोंधळ झाला असेल."

"असेल."

मी ते पाणी ओतून दिलं आणि नवं केलं. चहा त्या हातानं बरोबर ओतला. मला बरं वाटलं, आणि मी औषधबुद्धाचे आभारही मानले. खरंच मानले.

४

पण रोज तेच. निळी, मग लाल. मी किटल्यांच्या जागा बदलून पाहिल्या. हात एकदा हवेत थांबला, जणू बघतोय, आणि पलीकडे जाऊन निळीच घेतली. मी लाल किटलीतच गार भरलं, निळीत ऊन. त्या दिवशी त्यानं लाल आधी उचलली. रंग नव्हे, त्याला गारच हवं होतं.

डिसेंबरच्या मध्यावर मिनेगिशी-सान आले. मी आधीच ठरवलं होतं की किटल्यांचं बोलायचं नाही. बोललं की नियम आलाच.

ह्यांची खुर्ची स्वयंपाकघरात होती. खोका काढून मिनेगिशी-साननी तो आतल्या खोलीत आणला, झूल काढली, संगणक जोडला. पडद्यावर बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"बाई, एकही बोलत नाहीये."

"म्हणजे?"

"शून्य. आणि आजपासून नाही. एकोणीस नोव्हेंबरच्या सकाळपासून खोक्यात काही म्हणता काही आलेलं नाही. ऐकू आलं नाही की हा आपोआप बंद होतो, हाताला काहीच सांगत नाही. हा दिवा बघा, विझलेला आहे. तुम्ही दवाखान्यात कळवायचं होतं. चार आठवडे हात नुसता पडून राहिला असेल, किती त्रास झाला असेल त्यांना."

मी काही बोलणार, इतक्यात स्वयंपाकघरातून आवाज आला.

चाळीस वर्षं चुलीपुढे काढलेल्या बाईला पाणी कानानं कळतं. गार पाणी पडताना टणक, उंच वाजतं. ऊन पाणी बसक्या आवाजात पडतं. आधी टणक आवाज आला. मग थोडी शांतता. मग बसका.

खोका माझ्यासमोर जाजमावर होता. त्याची वायर मिनेगिशी-सानच्या मांडीवर गुंडाळलेली होती.

"नळ राहिला वाटतं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं. "राहिला."

त्यांना वायरीत दोष वाटत होता. खोका तपासायला ते घेऊन गेले. फेब्रुवारीत नवी वायर घेऊन येतो म्हणाले. ह्यांच्या टाळूवरच्या बुचाला त्यांनी टोपण लावलं. दाराशी चपला घालताना पुन्हा म्हणाले, "खोका नाही, तोवर हात हलणार नाही. धीर धरा."

५

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी घाबरून का नाही गेलात? खरं सांगते, पहिले काही दिवस आम्ही दोघं आनंदात होतो. खोका नाही, वायर नाही, आणि हात चालतो. मी दोनदा टेकडी चढून आले. आपलंच मागणं फळाला आलं असं वाटलं. "बुद्धानं सरळ कनेक्शन दिलं," हे म्हणाले. नव्या वर्षाच्या मोचीचे, म्हणजे भात कुटून केलेल्या चिकट वड्यांचे तुकडे त्या हातानं रश्शात घातले. शंका आली तर मी स्वतःला समजावायची, स्नायूंना आठ वर्षांची सवय लागलेली असते, कोंबडीसुद्धा मान कापल्यावर चार पावलं चालते. समजावताना त्या कोंबडीचा अर्थ माझ्या ध्यानात आला नाही.

जानेवारीत हातानं पाणी करून थांबणं सोडलं. त्यानं फडकं उचललं, घंगाळात बुडवलं. एका हातानं पिळता येईना, म्हणून कडेला दाबून निथळलं. मग तो मांडीवरच्या डाव्या हाताकडे गेला आणि करंगळीपासून सुरुवात करून एकेक बोट पुसू लागला. फार मायेनं. घाई नाही.

दुसऱ्या आठवड्यात डाव्या मनगटापर्यंत. तिसऱ्या आठवड्यात कोपरापर्यंत. मग खांदा.

"थांबवा ना," मी म्हटलं.

"थांबत नाही गं." ह्यांचा आवाज मी इतका लहान कधी ऐकला नव्हता. "मी ओरडून थांब म्हणतो. मनात. त्याला माझं ऐकूच येत नाही."

"दुखतं का?"

"मला कुठे काय कळतंय तिथलं? पण काल मानेला लागलं, तिथे कळतं. पाणी कोमट होतं. चांगलं होतं, नोबुए. हेच मला भयंकर वाटतं. फार चांगलं होतं."

त्याच दिवशी उमेनो काकू दोन मुळे घेऊन आल्या. ह्यांच्याकडे बघून दारातच थबकल्या. "अगं, पदर बघ त्याचा! उजवा वर घेतलायस. कुणाला पोचवायचंय?"

सकाळी मी स्वतः नीट घातला होता, नेहमीसारखा डावा वर.

"घाईत चुकलं काकू."

"असल्या घाईत चुकायचं नसतं, पोरी," काकू म्हणाल्या आणि मुळे कट्ट्यावर ठेवून लगेच गेल्या.

मी पदर सरळ केला. हात मांडीवर पडून होता. मी वळले आणि मागे कापडाची सळसळ ऐकू आली.

उरलं होतं ते तोंड. तोंड शेवटी पुसतात. तोंड पुसून झालं की वर पांढरं कापड टाकतात, आणि मग करायला काही उरत नाही.

६

फेब्रुवारीच्या सातव्या तारखेला ह्यांचा अंगरखा शिवताना माझी सुई मोडली. मोडकी सुई टाकत नाहीत, डबीत ठेवतात. वर्षभराच्या मोडक्या सुया आठ तारखेला देवळात नेऊन तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या मऊ पनिराच्या वडीत टोचायच्या आणि म्हणायचं, जन्मभर जाड कापडातून गेलात, आता मऊ जागी निजा. आईनं शिकवलेलं. एकही वर्ष मी चुकवलं नव्हतं.

डबीचं झाकण लावताना माझा हात तिथेच थांबला. दोन-चार सुयांना दरवर्षी निरोप देणारी मी, आणि ह्यांच्या डोक्यातल्या शहाण्णव सुया? अठ्ठ्याऐंशी, चाळीस, अकरा. एकेक थकत गेली, एकेक विझली. त्यांना कुणी निजा म्हटलं? उलट मी टेकडीवर जाऊन सांगून आले होते की थांबायचं नाही.

त्या गेल्या होत्या. गेल्यावर जे करायचं ते कुणी केलं नाही, म्हणून आपलं आपण पाणी करत होत्या. पुसायला त्यांना स्वतःचं अंग नव्हतं. जे होतं ते ह्यांचं होतं.

हे खरं की माझं बाईमाणसाचं वेडं गणित, मला माहीत नाही. मी ह्यांच्यापाशी जाऊन बसले आणि सगळं सांगितलं.

"अहो, पण हात जाईल. कायमचा."

हे खिडकीतून चहाच्या ओळींकडे बघत राहिले. "मग तुला चहा कोण देणार?"

"मीच तुम्हाला देईन."

"तुझा चहा?" त्यांनी तोंड वाकडं केलं. "आई म्हणायची, नोबुएच्या चहानं भिंत रंगवता येईल." मग थोड्या वेळानं, "कर. उद्याच कर. आता हनुवटीला पोचलाय तो."

आठ तारखेला सकाळी हात उठायच्या आधीच मी दोन्ही किटल्या माझ्याकडे घेतल्या. सासूबाईंसाठी केलं होतं तसंच केलं. डाव्या हातानं आधी गार, मग त्यावर ऊन. फडकं बुडवलं, पिळलं आणि ह्यांचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला.

तो घट्ट झाला. मग सैल पडला, झोपेला आलेल्या मुलाच्या हातासारखा जड.

मी एकेक बोट पुसलं. तळव्यावर चहा वळून पडलेले जुने घट्टे होते, तेही पुसले. मनगट, कोपर, खांदा. शेवटी टाळूवरचं बूच, अगदी हळू. बशीतल्या तोफूत माझी मोडकी सुई टोचली, शहाण्णव जणींच्या वतीनं. आणि मोठ्यानं म्हटलं, "आठ वर्षं चहा पाजलात. फार उपकार झाले. मी मागितलेलं परत घेते. आता निजा."

घरात काही वाजलं नाही. भाताची वाफसुद्धा.

मग हात उठला. तो तोंडाकडे गेला नाही. चहाच्या सामानाकडे गेला. त्यानं लाल किटली उचलली, आधी ऊन पाणी. कपात निवू दिलं, पानांवर घातलं, थांबला. जेवढं थांबायला हवं अगदी तेवढंच. मग चहाची किटली उचलून माझ्या कपात ओतू लागला.

वाफ खूप होती, आधी तेवढं सांगून ठेवते. पाहुण्याला मानानं चहा ओतताना आमच्याकडे दुसरा हात झाकणावर ठेवतात. किटलीच्या झाकणावर बोटं होती. चार बोटं आणि अंगठा, हलकेच टेकलेली. मी ह्यांच्या मांडीकडे बघितलं. डाव्या हाताखाली मी रोज घडी घालून ठेवते तो टॉवेल रिकामा होता.

शेवटचा थेंब पडला. एक कप ह्यांच्यापुढे, एक माझ्यापुढे सरकला. मी डोळे पुसून बघितलं तेव्हा दोन्ही हात मांडीवर होते. टॉवेलवर. पुन्हा हलले नाहीत.

"पी," हे म्हणाले. त्यांचे गाल ओले होते. "निवेल."

७

एप्रिलमध्ये, पहिल्या पानांच्या आधी, दवाखान्यात चकती काढली. मिनेगिशी-सानना मी सगळं सांगितलं होतं. त्यांनी काही लिहून घेतलं नाही. पण चकती दाखवायला स्वतः बाहेर आले, पांढऱ्या रुमालात घेऊन, दोन्ही हातांनी.

"इतक्या चकत्या बघितल्यात, पण अशी नाही," ते म्हणाले. "शहाण्णवच्या शहाण्णव सुया अखंड आहेत. आणि भोवती हे जे वाढलंय, पांढरं, मऊ..." त्यांनी रुमाल माझ्याजवळ आणला. "बाई, तोफूत टोचून ठेवल्यासारख्या दिसतात."

मी रुमालाला वाकून नमस्कार केला. त्यांनीही केला.

नवी चकती बसवता येते म्हणतात, आताच्या सुया जास्त टिकतात. हे म्हणतात, "आधी हिला चहा करायला शिकू दे, मग बघू." म्हणजे मनात आहे. बसवतील तेव्हा मी पुन्हा चहा सोडीन, आनंदानं सोडीन. तोवर सकाळचं पाणी मी करते. आधी ऊन, मग गार. ओतताना कान देऊन ऐकते. ऊन पाण्याचा तो बसका आवाज आधी आला की दिवस चांगला जातो. आजवर रोज आधी आलाय.

तर हे ऐकायला बसलेल्या तुम्हा सगळ्यांकडे एवढंच मागणं आहे. नवस बोला, जरूर बोला. देव ऐकतो, मी चहा प्यायले आहे. पण मुदत घालून बोला. आणि फळ मिळालं की आभारांच्या पायरीवर उभं राहून दुसरं मागू नका. घरात तुमच्यासाठी झिजलेलं काही असेल, सुई असो, यंत्र असो की माणसाचा हात, तर त्याला एकदा तोंडानं सांगा, झालं, खूप केलंस, आता नीज.

आज घरी गेल्या गेल्या सांगा. त्यानं आपलं पाणी आपण करायला घेण्याआधी.